गोमुखीतली डबी

सहदेव मास्तरांनी जन्मात एकही पत्र उत्तराशिवाय ठेवलं नव्हतं. विम्याच्या छापील जाहिरातीलासुद्धा ते "आपले कृपापत्र पावले" असं उलट टपाली कळवत! मग गुरुदासच्या पत्राला दोन वर्षं उत्तर का गेलं नाही? कारण त्या पत्रात एक प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मास्तरांना येत नव्हतं.

निदान, येतं की नाही याची खात्री नव्हती. मास्तरांना तशी कशाचीच खात्री नसे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून घरी बसले, तरी सात आठे छप्पन्न लिहिलं की कुणी बघत तर नाही ना म्हणून एकदा इकडेतिकडे बघून घेत.

गुरुदास त्यांचा जुना विद्यार्थी. तारकर्लीचाच, आता मुंबईला एका मोठ्या कचेरीत. पासष्ट साली त्याचं जाडजूड पाकीट आलं. त्यात लिहिलं होतं:

"मास्तर, आमच्याकडे खोलीएवढं गणकयंत्र आलं आहे. त्याला कामं सांगण्यासाठी माणसांनी निराळ्या भाषा केल्या आहेत. पण यंत्र कितीही मोठं असलं तरी एका आकड्यासाठी त्यात ठरलेल्याच जागा असतात. बेरीज त्या जागांत मावली नाही तर काय करायचं, यावर या भाषांचं एकमत नाही! फोर्ट्रान म्हणून एक आहे, ती बहुधा काही बोलतच नाही. वरचा आकडा सांडतो, उरलेला खरा समजून काम पुढे चालू. काही यंत्रांत तर सगळ्यात मोठ्या संख्येत एक मिळवला की उत्तर एकदम ऋण येतं. म्हणजे माडावर चढणारा शेंड्याला पोचला, त्याने आणखी एक पाऊल वर टाकलं, आणि तो थेट विहिरीच्या तळाला! दुसरी भाषा कोबॉल. तिच्यात आधीच लिहून ठेवता येतं की बाबा रे, मावलं नाही तर अमुक कर. कुणी म्हणतात, यंत्राने थांबून दिवा लावावा. कुणी म्हणतात, शेवटच्या आकड्यावर अडून बसावं.

"चौथीत मी तुम्हाला विचारलं होतं, पाटी भरली तर मोठी संख्या कुठे लिहायची? तुम्ही माझा कान पिळून म्हणालात, 'गाढवा, संख्या कधी भरत नाही!' संख्या भरत नाही मास्तर, पण पाटी भरते. तर आता सांगा, भरल्यावर पाटीने काय करावं? सोबत एक डबी पाठवतो. तिच्यात चारच आकडे मावतात. दहा हजाराव्या वेळी बटण दाबल्यावर काय होईल ते आधी कळवा, मग दाबून बघा."

डबी लिंबाएवढी, पोलादी, झकपक. वर एक बटण. दाबलं की टक् असा आवाज व्हायचा आणि चार खिडक्यांमधला आकडा एकाने वाढायचा. बाजूची खुंटी फिरवली की पुन्हा चार शून्यं.

मास्तरांनी उत्तराचे अकरा मसुदे केले आणि अकराही फाडले. पाटीने गप्प फिरावं म्हणावं, तर यंत्र खोटारडं ठरतं. ओरडावं म्हणावं, तर भरल्या कचेरीत यंत्राने ओरडलेलं बरं दिसेल का? आणि तो पिळलेला कान! तो तर मास्तरांना आता स्वतःचाच कान दुखावा तसा दुखायचा. शेवटी पत्र पंचांगात गेलं, डबी फळीवर गेली, आणि दर दिवाळीला मास्तर मनाशी म्हणू लागले, "या वर्षी नक्की."

असा हा माणूस. याने आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि ती नेमकी शेजारच्या गोदूबाईपुढे मारली!

गोदूबाई मासळी विकायची. तिचा आवाज वाऱ्याच्या दिशेने मालवणपर्यंत पोचतो असं लोक म्हणत. आश्विनात तिचा घोव, म्हणजे नवरा, गुणाजी होडीसकट वादळात सापडला, दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. तिने महादेवाला बेलाची लाखोली बोलली: लाख पानं वाहीन, आणि ती वाहून होईपर्यंत घरातलं कुणी मासळी खाणार नाही. तिसऱ्या दिवशी गुणाजी सुखरूप परतला आणि दारातच त्याला कळलं की आजपासून कुळथाची पिठी! माघ उजाडला तरी पिठीच चालू होती. दिवसभर सुरमई विकायची आणि घरी येऊन पिठी ओरपायची. गुणाजीचा चेहरा सुकवलेल्या बोंबलासारखा झाला.

माघात कट्टा गावाहून मोटारीच्या टपावर बेलाची पोती आली. अकरा दिवसांचा संकल्प ठरला. अकरा दिवसांत लाख भरली नाही तर पुन्हा पहिल्यापासून, असं महादेवाच्या देवळातल्या शंकर गुरवाने बजावलं. आणि पुन्हा म्हणजे कधी? कट्ट्याच्या आसपासची बेलाची झाडं तर बोडकी झालेली!

"मास्तरानू," गोदूबाई म्हणाली, "लाख पानां मोजूची म्हणजे खेळ नाय. एक जरी कमी पडला तर देव म्हणतलो, गोदून फसवल्यान. माज्या घोवाक परत दर्यात जावचा आसा."

"आमच्या आयेन चिंचोक्यांनी मोजल्यान," मास्तरांची बायको कृष्णाबाई म्हणाली. "लाभ, दोन, तीन करीत शंभर पानां झाली की एक चिंचोको बाजूक."

पहिल्या आकड्याला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं, ही तिकडची जुनी रीत. पण मास्तरांच्या अंगात त्या दिवशी कोण संचारलं होतं देव जाणे! ते आत गेले, फळीवरची डबी घेऊन आले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "चिंचोके कशाला? माणूस चुकतो, गोदूबाई. यंत्र चुकत नाही!"

आणि हिशेब मांडून दाखवला. लाखाला अकराने भागलं की रोजची नऊ हजार एक्याण्णव पानं. म्हणजे दहा हजारांच्या आत. डबीत मावतात! रोज दुपारी आकडा वहीत उतरवायचा, खुंटी फिरवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. डबी भरण्याचा प्रश्नच येणार नाही, आणि जो प्रश्न येणार नाही त्याचं उत्तर द्यावं लागत नाही. मास्तर स्वतःवरच खूश झाले!

शंकर गुरवाने डबी लांबूनच पाहिली. "देवाचो जप उघड्यार कोण मोजता? माळ गोमुखीत घालतत. मगे ही डबीय गोमुखीत!"

झालं! मास्तरांच्या वडिलांची भगवी गोमुखी पेटीतून बाहेर आली. जपाची माळ झाकायची ती पिशवी. तिच्यात डबी, डबीवर मास्तरांचा अंगठा. बायका पाळीपाळीने पान वाहायच्या, "शिव!" म्हणायच्या, आणि मास्तर डोळे मिटून आत टक् करायचे. शिव, टक्! शिव, टक्! चौथ्या दिवशी अंगठा सुजला, सातव्या दिवशी त्याला हळदीचा लेप लागला, नवव्या दिवशी मास्तर झोपेतही उशी दाबू लागले. पण वहीतले आकडे कसे नांगराच्या तासासारखे सरळ! दहा दिवसांची बेरीज नव्वद हजार चारशे. उरली नऊ हजार सहाशे.

अकरावा दिवस रविवार. गोदूबाईच्या घरी चार महिन्यांनी सुरमईचं कालवण शिजत होतं, आणि सगळ्या वाडीला जेवणाचं आवतण होतं. त्याचा वास देवळापर्यंत येत होता. गुणाजी खांबाला टेकून नाकाने श्वास घेत होता, तोंडाने घेणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. बायकांना आज चेव आला. पोत्याच्या तळाचं शेवटचं पान वाहिलं तेव्हाच त्या थांबल्या.

"काढा मास्तरानू भायर!" गोदूबाई हात जोडून म्हणाली.

मास्तरांनी गोमुखीतून डबी काढली. चष्मा पुसला. डबी जवळ धरली, लांब धरली. चार खिडक्यांत होतं: शून्य, शून्य, शून्य, तीन.

"किती?"

"तीन," मास्तर म्हणाले.

"तीन हजार?"

"नाही. तीन."

"तीनशे?"

"तीन, गोदूबाई. एक, दोन, तीन."

लांबून कालवणाची रटरट तेवढी देवळात ऐकू येत होती. मग शंकर गुरवाने डोळे विस्फारले. "देवान आज तीनच पानां घेतली! बाकीची घेवक नाय! वाडीत कोणाचा तरी पाप आसा!"

"मला वाटतं, डबी भरली असेल," मास्तर म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले की फक्त नंदीने ऐकलं असेल.

गोदूबाई मटकन खाली बसली. तिचा तो मालवणला पोचणारा आवाज एकदम नाहीसा झाला. "माजो नवस बुडालो," ती पुटपुटली. "आता दर्यो हेका सोडूचो नाय."

तिला तसं बघून गुणाजीचा धीर सुटला. तो धावत आला आणि तिच्यापुढे पालथा पडला. "गोदू, माका माफ कर! मी बांगडो खाल्लंय!"

गोदूबाईचा आवाज जागच्या जागी परत आला. "खंय?"

"रेतीत. होडयेआड. भाजून."

"एक?"

"पयल्या दिसा एक."

"आणि मगे?"

"मगे मोजूक नाय."

"मास्तरांची डबी व्हयी होती!" गोदूबाईची सून विमला मागून म्हणाली.

"शिरा पडो तुज्या तोंडार!" गोदूबाईने गुणाजीच्या पाठीत धपाटा घातला. "चार म्हयने मी पिठी खातंय, आणि तू बांगडे भाजतंस? अंगाक वास कसलो इचारलंय तर सांगतंस, होडयेचो!"

"बघलास? तरी मी सांगी होतंय," शंकर गुरव म्हणाला. पण गोदूबाईची नजर त्याच्याकडे वळली मात्र, आणि तो नंदीच्या आड सरकला. "म्हणजे... मीय रोज पोत्यातली दोन मुठी पानां माज्या शेळयेक घातलंय. गाभण हा ती बिचारी!"

"मला वाटतं, डबी..." मास्तर पुन्हा म्हणाले. कोण ऐकतो!

आता विमलाही पुढे आली. डोळ्यांना पदर, पण बोलणं ठणठणीत. "मामींनू, मी पान व्हाताना शिव म्हणाक नाय. मनात तुमचाच नाव घेतलंय."

"माजा? कित्याक गो?"

"पुण्य लागूचा म्हणान नाय!"

मग जो गोंधळ उठला तो काय सांगावा! गोदूबाई सुनेवर, सून सासऱ्यावर, सासरा गुरवावर, आणि गुरव देवाकडे बोट दाखवतो आहे. या सगळ्याच्या मधोमध मास्तर, हातात डबी घेऊन उभे.

"झाला सगळ्यांचा?" खांबाजवळून आवाज आला. कृष्णाबाई शांतपणे उठली. "की आणखी कोणाचा काय रवला हा?"

तिने कमरेचा पदर सोडला आणि पुढे ओंजळ रिकामी केली. खळ्ळकन चिंचोके! "मोजा. मी मोजलेले आसत. शंभर. शंभर पानांक एक. आणि वर शेवटची तीन पानां. नऊ हजार सहाशे व्हयी होती, दहा हजार तीन झाली. नवस कधीच पुरो झालो, गो बाय!"

"मगे ह्या आधी कित्याक नाय सांगलंस?" गोदूबाई ओरडली.

"सांगणार होतंय. पण गुणाजीच्या बांगड्यांत मन रमला!"

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. "म्हणजे तुझा डबीवर विश्वास नव्हता?"

"डबयेवर होतो. तुमच्यावर नव्हतो," कृष्णाबाई म्हणाली. "तुमी त्या डबयेसारकेच. भरलास तरी तोंडातसून आवाज नाय!"

पण शंकर गुरवाला लोकांच्या मनातून शेळी घालवायची होती. तो म्हणाला, "देवाच्या कामात अंदाज नको. चिंचोके खरे की डबी खरी? डबी सांगता तीन!"

गोदूबाईच्या तोंडावरचा रंग पुन्हा उडाला. सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांनी डबीकडे पाहिलं. दोन वर्षं त्यांनी जे केलं नव्हतं ते आता करायचं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"दाबून बघू या," ते म्हणाले. या वेळी नंदीच्याही पलीकडे ऐकू गेलं.

दाबायचं म्हणजे किती? तीनपासून नऊ हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत! गोदूबाईने लगेच निवाडा केला: पहिली पाच हजार गुणाजीने दाबायची, बांगड्यांचं प्रायश्चित्त म्हणून. पुढची शंकर गुरवाने, शेळीचं. उरलेली विमलाने, आणि तेही मोठ्याने "शिव, शिव" म्हणत! अख्खी वाडी देवळात फतकल मारून बसली. कालवण चुलीवरून उतरवलं, निवलं, तरी कुणी उठेना. भरल्यावर डबी काय करणार, याचीच आता सगळ्यांना भूक लागलेली!

"अडतली," गुणाजी अंगठा चोळत म्हणाला. "भरलेल्या होडयेत आणखी एक टोपली घेवक गावत नाय. तशी नव्व्याण्णवार अडान बसतली."

"नाय, घंटी वाजतली," विमला म्हणाली. "येवडी इलायती वस्तू ती, घंटी नसतली काय?"

"फुटतली!" शंकर गुरव म्हणाला आणि जरा मागे सरकून बसला.

"मास्तरानू, तुमी सांगा," गोदूबाई म्हणाली.

मास्तरांनी नेहमीसारखं इकडेतिकडे पाहिलं. सगळी वाडी बघत होती, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. "मला वाटतं, गप्प शून्यावर जाईल," ते म्हणाले. "पण मला खात्री नाही."

उन्हं कलली तेव्हा चारही खिडक्यांत नऊ आले. विमलाने डबी निखारा द्यावा तशी मास्तरांच्या हातात दिली. गोदूबाईने डोळे घट्ट मिटले. मास्तरांनी हळदीचा अंगठा बटणावर ठेवला.

टक्.

शून्य, शून्य, शून्य, शून्य.

"येवडाच?" गुणाजी म्हणाला. त्याची फारच निराशा झाली. "घंटी नाय, दिवो नाय, काय नाय?"

"म्हणजे दहा हजार झाल्यावर ती परत पयल्यापासून?" गोदूबाईने डोळे उघडले. "म्हणजे दहा हजार, आणि ती तीन वरची! माजो नवस पुरो!" तिने देवाला हात जोडले, नंदीला जोडले, कृष्णाबाईच्या चिंचोक्यांनाही जोडले. मग डबीकडे वळली. "आणि तू गो मेल्ये! पोट भरला तर सांगूक काय झाला होता? गप ऱ्हवान माज्या घरात आग लावलंस!"

"काही यंत्रं तशीच असतात," मास्तर म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी गुरुदासच्या पत्राची सगळी गोष्ट सांगून टाकली. माडावरून विहिरीत पडणारा माणूस सगळ्यांना फार आवडला.

"मगे तुमी काय जबाब दिलास?" गोदूबाईने विचारलं.

"नाही दिला. दोन वर्षं झाली."

"दोन वर्सां? त्या झिलाक? मास्तरानू, शिरा..." आणि गोदूबाईने जीभ चावली. किती झालं तरी मास्तर!

सुरमई गार झाली होती. पण गुणाजीने ती अशी खाल्ली की जणू चार महिन्यांत माशाचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याने आपल्याकडून बरंच नाटक केलं, पण कुणी फसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी बारावा मसुदा केला. तो फाडला नाही.

"चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. डबी दाबून पाहिली. ती गप्प शून्यावर जाते. माझं मत विचारशील तर, गप्प फिरणारी पाटी सगळ्यात वाईट. ती कुणाला काही सांगत नाही, आणि मग लोक आपापल्या मनाला खुपतं ते ओकू लागतात. आमच्याकडे बांगडे बाहेर आले. पाटी भरली तर पाटीने ओरडावं, लाजू नये. तुझ्या त्या दुसऱ्या भाषेतल्यासारखं आधीच सांगून ठेवता आलं तर फारच उत्तम. आणि दोन्ही जमत नसेल तर शेजारी चिंचोके घेऊन कुणाला तरी बसवावं. तुझी काकू म्हणते, एक नमुना पाठवा, म्हणून सोबत पाठवतो. चौथीत तू संख्येबद्दल विचारलंच नव्हतंस, पाटीबद्दल विचारलं होतंस. प्रश्न बरोबर होता. कान उगीच पिळला."

पाकिटात चिंचोका घातला, तिकीट चिकटवलं, आणि पुन्हा विचार बदलायच्या आत मास्तर निघाले. मोटार थांबते तिथे माडाला लाल पत्रपेटी टांगलेली असायची. त्यांनी पाकीट फटीत सरकवलं. अर्धं गेलं आणि अडलं. ढकललं. जाईना! पेटी गच्च भरली होती.

एरवी मास्तर पाकीट काढून निमूट घरी गेले असते, आणि आणखी दोन दिवाळ्या गेल्या असत्या. पण आज त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा काढून ओरडले, "पेटी भरली!"

माडावरचे कावळे उडाले. रेतीतल्या होडीआडून गुणाजी तोंड पुसत उभा राहिला. समोरच्या चहाच्या दुकानातून बाबली पोस्टमन हातातली कपबशी तशीच घेऊन धावत आला.

"काय झाला? काय झाला मास्तरानू?"

"पेटी भरली आहे, बाबली! पत्र मावत नाही!"

"भरली?" बाबलीने पेटी हलवून पाहिली. "आताच उघडलंय मी. आत एक कार्ड नाय!" मग त्याने अडकलेलं पाकीट बाहेर ओढलं आणि चिमटीत चाचपलं. "ह्यात काय आसा ओ?"

"चिंचोका," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा नंदीपुरता झाला होता.

"तो आडवो रवलो हा." बाबलीने अंगठ्याने चिंचोका उभा केला आणि पाकीट आत सोडलं. रिकाम्या पेटीच्या तळाशी आवाज झाला. टक्.

"लाभ," मास्तर हळूच म्हणाले, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून एकदा इकडेतिकडे बघून घेतलं.